छत्तीस फोटोंचा रविवार

फोनमुळे फोटो काढणं सोपं झालं, जवळजवळ फुकट झालं. पण त्यातली मजा मात्र कुठेतरी पातळ झाली. ती परत आणायचा हा एक साधा खेळ. नवा कॅमेरा नको, खर्च नको. एक मोकळा रविवार मात्र हवा.

फोनची गॅलरी उघडा आणि आत किती फोटो आहेत ते बघा. सहा हजार? अकरा हजार? त्यातले निम्मे नोट्सचे, फळ्याचे आणि मित्राच्या जर्नलचे असतील. उरलेल्यांत एकाच केकचे चौदा, एकाच सूर्यास्ताचे बावीस आणि ग्रुप फोटोचे तीस, कारण दर वेळी कुणाचे तरी डोळे मिटलेले! आता जरा आठवून बघा. यातला कुठला फोटो काढताना तुम्ही खरंच थांबला होतात? अजून अर्धं पाऊल मागे जाऊ का, तो सायकलवाला फ्रेममध्ये येईपर्यंत थांबू का, असा विचार केला होतात?

बहुतेकांना पटकन आठवत नाही. तरीही ‘तुमचे छंद कोणते?’ या रकान्यात आपण बिनधास्त लिहितो, फोटोग्राफी. ते खोटंही नसतं. आवड असतेच, आणि फर्स्ट इयरला तर जाम असते. पण थर्ड इयरला येईपर्यंत ती कुठे जाते, कळत नाही.

तसं बघितलं तर कुठल्याही कट्ट्यावर ते कळतं. एकाला वाटतं, आपल्याकडे चांगला कॅमेरा नाही म्हणून फोटो चांगले येत नाहीत. तो घरी हट्ट करतो, हप्त्यावर कॅमेरा येतो, दोन ट्रेकना जातो आणि मग कपाटात बसतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती वेगळीच. दुसरीचे फोटो खरंच भारी असतात, पण पोस्टला लाइक्स कमी पडले की तिचा अख्खा दिवस खराब. तिसऱ्याला सगळे सांगतात, ‘एवढं जमतंय तर लग्नाच्या ऑर्डरी घे की, चार पैसे सुटतील!’ तो घेतो. त्यात वाईट काहीच नाही, तो मेहनतीचा आणि मानाचा व्यवसाय आहे. फक्त सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावावासा वाटत नाही, कारण आता ते कामाचं हत्यार झालेलं असतं.

या तिघांची फोटोची आवड संपलेली नाही. ती कधी कॅमेऱ्याच्या किमतीत, कधी लाइक्सच्या आकड्यात, कधी ऑर्डरच्या हिशेबात अडकली आहे. तिला सोडवायचं असेल तर थोडी बंधनं घालून घ्यावी लागतील. ऐकायला विचित्र वाटेल, पण फोटो कमी काढले की फोटो काढण्याची मजा वाढते.

रोल संपत आलाय!

आई-बाबांना एकदा विचारा, त्यांच्या वेळी फोटो कसे काढायचे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या रोलमध्ये साधारण ३६ फोटो यायचे. नीट भरला तर ३७ वाही निघायचा आणि त्याचं कोण कौतुक! महाबळेश्वरच्या ट्रिपला एक रोल, घरच्या बारशाला एक रोल. ‘रोल संपत आलाय, उगाच काढू नकोस,’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू यायचं. मग रोल स्टुडिओत धुवायला द्यायचा, काही दिवस वाट बघायची आणि पाकीट हातात आलं की सगळ्या घराने गोल करून बसायचं. कुणाचं तरी डोकं कापलेलं असायचं, एखादा फोटो पूर्ण काळा असायचा. तरी तो अल्बम आजही बाहेर काढला की तास जातो.

तो काळ परत आणायची गरज नाही. पण त्यातला ३६ हा आकडा मात्र उचलण्यासारखा आहे. एका रविवारी हे चार नियम पाळून बघा.

एक, दिवसभरात फक्त ३६ फोटो. दोन, काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत बघायचा नाही आणि डिलीटही करायचा नाही. तीन, घरापासून किंवा हॉस्टेलपासून चालत जाता येईल एवढ्याच भागात फिरायचं. चार, त्या दिवशी काहीही पोस्ट करायचं नाही.

पहिले आठ-दहा फोटो पटापट संपतील, कारण सवय तीच आहे. मग लक्षात येईल, अरे, अजून सगळी दुपार बाकी आहे! तिथून हात आखडायला लागतो आणि डोळे कामाला लागतात. चहाची टपरी दिसली की पूर्वी लगेच क्लिक व्हायचं. आता तुम्ही टपरीभोवती एक चक्कर माराल. आणि एक गंमत कळेल. उजेड तुमच्या पाठीमागून येत असेल तर पातेल्यातली वाफ फोटोत जवळजवळ दिसतच नाही. पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहिलात, म्हणजे उजेड वाफेच्या मागून आला आणि तिच्या मागे काळपट भिंत असली, की तीच वाफ लख्ख उठून दिसते. टपरी, चहावाला, पातेलं सगळं तेच. बदलली फक्त तुमची उभं राहायची जागा. हे कुठल्याही व्हिडिओत ऐकून कळतं त्यापेक्षा तिथे उभं राहून दहापट जास्त कळतं.

उजेडाशी मैत्री

फोटोग्राफी म्हणजे शेवटी उजेडाचा खेळ. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा साधारण तासभर फोटोवाल्यांचा लाडका असतो. त्या वेळी ऊन तिरपं येतं, हवेच्या जास्त जाड थरातून येतं, म्हणून ते सोनेरी आणि मऊ असतं. सावल्या लांब पडतात आणि साध्या भिंतीचा खडबडीतपणाही दिसायला लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी बारा वाजता तेच ऊन डोक्यावरून पडतं आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या करतं. तेव्हा चेहरे काढायचे असतील तर व्हरांडा, झाडाची सावली किंवा दाराचा उंबरठा गाठायचा.

आपला पावसाळाही फोटोसाठी मस्त असतो. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला मोठ्ठा पांढरा पडदा. त्यातून गाळून आलेल्या उजेडात चेहरे छान येतात, पानांचे रंग गडद दिसतात. ओल्या रस्त्यावर दुकानांचे दिवे उतरतात ते बोनस.

फोन वापरताना तीन गोष्टी पुरतात. पहिली, लेन्स पुसा! खिशातली धूळ आणि बोटांचं तेल लागून रात्रीचे दिवे फोटोत फराटे मारल्यासारखे दिसतात, आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो. दुसरी, स्क्रीनवर जिथे बोट टेकवाल तिथला उजेड फोन मोजतो. बहुतेक फोनमध्ये तिथेच बोट वर-खाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. सूर्यास्ताच्या वेळी गडद करा आणि समोरच्या माणसाची काळी आकृती कशी उठून दिसते ते बघा. तिसरी गोष्ट म्हणजे झूम. फोनला लांबचं बघणारी वेगळी लेन्स नसेल तर बोटांनी केलेला झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणणं. त्याने फोटो फाटतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

मग कॅमेरा कधी घ्यायचा? फोन कुठे कमी पडतोय हे नेमकं सांगता येईल तेव्हा. लांबच्या झाडावरचा पक्षी हवाय, अंधाऱ्या नाट्यगृहातली एकांकिका हवीये, कबड्डीच्या मॅचमधली चढाई हवीये, असं कारण असेल तर जरूर. आधी मित्राचा वापरून बघा, मोठ्या शहरांत तो दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. आणि घेतलात तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. बुरशीला दमट अंधार फार आवडतो.

एका खिडकीतून

‘चालत जाता येईल एवढंच’ या नियमावर सगळ्यात जास्त तक्रार येते. ‘आमच्या इथे काढण्यासारखं आहेच काय?’ सांगलीतला म्हणतो पुण्यात आहे, पुण्यातला म्हणतो लडाखला आहे.

चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचे फोटोग्राफर होते. मूळचे ते बुकबाइंडिंग शिकलेले. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला आणि ते फोटोग्राफीकडे वळले. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी एक मालिका केली, स्टुडिओच्या खिडकीतून दिसणाऱ्या फोटोंची. खिडकीची काच, तिच्यावर साचलेलं दव, थेंबांतून धूसर दिसणारं अंगणातलं वाकडंतिकडं झाड, कधी बर्फ, कधी खिडकीत ठेवलेलं एखादं फूल. त्यातल्या सुरुवातीच्या काळात शहर नाझींच्या ताब्यात होतं, बाहेर मोकळेपणाने फोटो काढत फिरणं सोपं नव्हतं. एक खिडकी त्यांना १४ वर्षं पुरली.

आपल्या खिडकीत तर दव नाही तरी पावसाचे थेंब आहेत. मेसमधल्या स्टीलच्या ताटांची चळत आहे, एसटी स्टँडवरचे बाक आहेत, आजीच्या हातातल्या बांगड्या आहेत, वाचनालयातला वर्तमानपत्रं अडकवायचा लाकडी दांडा आहे. रोज बघून आपल्याला ते दिसेनासं झालंय, एवढंच. एकच जागा सलग चार रविवार काढून बघा. चौथ्या रविवारी तुम्हाला पहिल्या दिवशी न दिसलेलं काहीतरी सापडतंच.

दाखवायचं कुणाला?

‘पोस्ट करायचं नाही तर काढायचं कशाला?’ हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर व्हिव्हियन मायर यांच्या गोष्टीत आहे. अमेरिकेत, मुख्यतः शिकागोमध्ये, त्यांनी सुमारे चाळीस वर्षं लोकांच्या घरी मुलं सांभाळायचं काम केलं. गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा, ज्याच्या एका रोलमध्ये फक्त १२ फोटो बसायचे. मुलांना फिरायला नेताना, सुट्टीच्या दिवशी, त्या रस्त्यावरची माणसं टिपत राहिल्या. २००७ मध्ये, भाडं थकलं म्हणून, गोदामात ठेवलेलं त्यांचं सामान लिलावात गेलं आणि त्यातून निगेटिव्हचे ढीग बाहेर आले. एकूण लाखाच्या वर! कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते, म्हणजे ते फोटो खुद्द त्यांनीही पाहिले नव्हते. २००९ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. आज विसाव्या शतकातल्या मोठ्या स्ट्रीट फोटोग्राफर्समध्ये त्यांचं नाव येतं.

यातून फोटो लपवून ठेवा असा धडा घ्यायचा नाही. पण एकही लाइक न मिळता कुणी लाखभर फोटो काढत असेल, तर तो आनंद बटण दाबण्याच्या क्षणातच होता, हे नक्की. तुम्हीही फोटो दाखवा, पण आधी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला. असा कुणीतरी, जो ‘मस्त!’ म्हणून पुढे जाणार नाही. ‘हा खांब डोक्यातून उगवल्यासारखा का दिसतोय?’ असं विचारणारा एक दोस्त शंभर बदामांच्या बरोबरीचा.

काका, एक फोटो काढू?

रस्त्यावर फोटो काढायला निघालात की माणसं येणारच, आणि इथे खरी परीक्षा असते. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी, वारीत झाडाखाली पाय पसरून बसलेले आजोबा, फुटपाथवर झोपलेलं कुटुंब, हे कुणीही आपले ‘सब्जेक्ट’ व्हायला बसलेले नसतात. एक साधी कसोटी आहे. त्या जागी आपले आजोबा असते आणि कुणी अनोळखी मुलाने त्यांचा असा फोटो काढून सगळीकडे टाकला असता, तर आपल्याला चाललं असतं का?

म्हणून आधी बोला. ‘काका, एक फोटो काढू?’ एवढं पुरतं. ‘कशाला रे? कुठल्या पेपरात येणार?’ असं उत्तर येईल. हसा, खरं सांगा, चहा घ्या. नाही म्हणाले तर नाही. लहान मुलांचा फोटो असेल तर त्यांच्या आई-वडिलांना विचारा. हो म्हणाले तर काढलेला फोटो नंतर त्यांना दाखवा, आणि पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन द्या. (हो, या कामासाठी नियम मोडलात तरी चालेल!) सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मिळालं तर आवर्जून बघा. गटारात उतरणारी, कचरा उपसणारी ही माणसं त्या फोटोंत बिचारी दिसत नाहीत, माणूस म्हणून समोर उभी राहतात. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

पहाटे किंवा अनोळखी भागात जायचं असेल तर दोघं-तिघं मिळून जा, मुलींनी तर जरूर. एकमेकांचे फोटो बघण्याचीही सोय होते. आणि हीच सभ्यता माणसांपलीकडेही पाळायची. पक्ष्याच्या घरट्याजवळ फांद्या बाजूला करून फोटो काढला की आई-बाप घरटं सोडून जाऊ शकतात, किंवा कावळ्याला पत्ता मिळतो. कासच्या पठारावर एका सेल्फीसाठी आत शिरलं की पायाखाली जी फुलं जातात ती पुढच्या माणसाला दिसत नाहीत. आणि पावसाळ्यात कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या शेवाळलेल्या दगडावर उभं राहून मिळणारा फोटो कितीही भारी असला तरी सोडून द्या. ३६ मधला एक कमी झाला तर काही बिघडत नाही.

संध्याकाळी काय करायचं?

संध्याकाळी निवांत बसा आणि ३६ फोटो एकेक करून बघा. बरेचसे फसलेले असतील. प्रत्येकाचं असंच असतं. फसलेल्यांवर जरा जास्त वेळ थांबा, कारण काय हुकलं ते तिथेच कळतं. मग त्यातला एक निवडा. एकच! निवडताना भांडण होईल, स्वतःशीच. हा सुंदर आहे, पण तो खरा आहे. हा लोकांना आवडेल, पण तो मला आवडतो. ही निवड करायला शिकलात की अर्धी फोटोग्राफी आली.

निवडलेल्या फोटोची प्रिंट काढा. चहा-वडापावच्या पैशांत पोस्टकार्डाएवढी प्रिंट मिळते. मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि माणसाचं नाव लिहा. स्टुडिओत फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून जातो. फोन हरवतो, बिघडतो, पासवर्ड विसरतो. वहीत चिकटवलेला फोटो मात्र घर बदलतानाही सापडतो.

होमाय व्यारावाला हे नाव ऐकलंय? जन्म १९१३, नवसारीचा. भारतातल्या पहिल्या महिला फोटो पत्रकार. स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे फोटो आपण पुस्तकांत पाहिलेले असतात, नाव माहीत नसतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. या होमायबाई मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या, तेव्हा त्या आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढायच्या. त्या वेळी ते एका कॉलेजातल्या मुलीने काढलेले मैत्रिणींचे फोटो होते. आज १९३० च्या दशकातल्या मुंबईतल्या शिकणाऱ्या मुली कशा दिसायच्या, कशा वागायच्या, हे कळायला तेच फोटो बघावे लागतात.

तुमच्या गल्लीतला वाडा कदाचित पुढच्या वर्षी पुनर्विकासाला जाईल. कॉलेजसमोरची टपरी रस्तारुंदीत हलेल. हॉस्टेलची ती खोली दुसऱ्या कुणाची होईल. सूर्यास्ताचे बावीस फोटो तेव्हा तुम्ही उघडणारही नाही, पण रूममेटने खिडकीत वाळत घातलेल्या जर्सीचा एक फोटो शोधत बसाल. तो काढलेला असला तर बरं.

आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ फोटो. तीन वर्षांच्या कॉलेजमध्ये दीडशेच्या वर, एका जाड वहीत आरामात मावतात. सबमिशन आणि परीक्षांचे रविवार वजा केले तरी शंभर कुठे गेले नाहीत. वही आणि डिंक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. येत्या रविवारी फोनची लेन्स पुसा आणि निघा.